तीन लाखांचं कव्हर, तरी खिशातून लाख का गेले?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी भांडुपला राहते आणि अंधेरीतल्या एका खाजगी कंपनीत अकाउंट्समध्ये काम करते. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत माझ्याबरोबर आई-बाबांचंही नाव आहे, कव्हर तीन लाखांचं. बाबा ६६ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. चार दिवस ठेवलं होतं. त्यांना नीट झोप मिळावी म्हणून आम्ही ६,००० रुपये रोजाची सिंगल रूम घेतली. बिल झालं १,७५,०००. तीन लाखांच्या आत आहे, म्हणजे काही भरावं लागणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. विमा कंपनीने ७२,००० मंजूर केले. उरलेले १,०३,००० डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर उभं राहून भावाकडून मागवले. कंपनीच्या पत्रात प्रपोर्शनेट डिडक्शन, नॉन-पेएबल, को-पे असं बरंच काही लिहिलंय. फोन केला तर "पॉलिसीच्या अटींप्रमाणे" एवढंच सांगतात.

आता ओळखीचे एक एजंट आई-बाबांसाठी वेगळी पॉलिसी घ्या म्हणतायत. फॉर्मवर बीपी-शुगर लिहू नका, कंट्रोलमध्येच आहे, उगीच प्रीमियम वाढेल, असं त्यांचं म्हणणं. पत्ता चिपळूणचा द्या, स्वस्तात होईल, हेही तेच म्हणाले. आई-बाबा निम्मं वर्ष गावीच असतात. आईला मोतीबिंदूचं ऑपरेशनही सांगितलंय. आमची फसवणूक झाली का? आणि नवी पॉलिसी घेताना यातलं काय समजून घेऊ?

– एक वाचक, भांडुप

उत्तर

ताई, पत्रासोबत बिलाचं पूर्ण ब्रेक-अप आणि कंपनीचं सेटलमेंट लेटर पाठवलंत हे फार बरं केलंत. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक ओळ तपासली. कपातीचा मोठा भाग तुमच्या पॉलिसीच्या अटींत बसतो. पण १८,००० रुपये तुमचे येणे निघतात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते तुम्ही मागायलाच हवेत. कसे ते सांगते.

तुमच्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा आहे: कव्हरच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही खोली घेतली ६,०००ची. बहुतेकांना वाटतं की फार तर वरचे ३,००० रोज आपल्याला भरावे लागतील, चार दिवसांचे १२,०००. खरी कात्री पुढे लागते. मुंबईतल्या बऱ्याच खाजगी हॉस्पिटलांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज, डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग, हे सगळं खोलीच्या वर्गावर ठरतं. तेच ऑपरेशन, तोच सर्जन, पण जनरल वॉर्डातल्या पेशंटला एक दर आणि सिंगल रूममधल्याला दुसरा. त्यामुळे विमा कंपनी म्हणते, तुमचा हक्क ३,०००च्या खोलीचा होता, तुम्ही दुप्पट भाड्याची घेतलीत, तेव्हा खोलीशी बांधलेले सगळे खर्च आम्ही निम्मेच देणार. हेच ते प्रपोर्शनेट डिडक्शन. तुमच्या बिलात खोलीचे २४,००० होते, त्यातले १२,००० मंजूर झाले. सर्जन, थिएटर, भूल, व्हिजिट मिळून ९६,००० होते, त्यातले ४८,०००. इथपर्यंत हिशेब बरोबर आहे, वाईट वाटलं तरी.

पुढचे ४०,००० औषधांचे आणि तपासण्यांचे: रक्त, सोनोग्राफी, फार्मसीचं बिल. त्यांनी यालाही निम्मी कात्री लावली आणि २०,००० दिले. हे चूक आहे. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्येच स्पष्ट केलंय की प्रमाणात कपात करताना औषधं, वापराच्या वस्तू, शरीरात बसवायची उपकरणं आणि तपासण्या त्यात धरायच्या नाहीत. आयसीयूच्या चार्जलाही ती लावता येत नाही. क्रोसिनची गोळी जनरल वॉर्डात आणि सिंगल रूममध्ये एकाच छापील किमतीला मिळते, मग खोलीचा आणि तिचा संबंध काय? म्हणजे तुम्हाला १२,००० अधिक ४८,००० अधिक पूर्ण ४०,००० असे १,००,००० धरायला हवे होते. त्यांनी ८०,००० धरले.

उरले १५,०००. त्यातले १२,००० हातमोजे, मास्क, गाऊन, डिस्पोजेबल किट यांचे आणि ३,००० ॲडमिशन, फाईल वगैरेचे. हे नॉन-पेएबल, म्हणजे विम्यातून न मिळणारं. नियामकाने अशा वस्तूंची यादीच केलेली आहे, त्यामुळे इथे भांडून हाती काही लागणार नाही. नवी पॉलिसी घ्याल तेव्हा कंझ्युमेबल्स कव्हर नावाचा जोड मिळतो का ते विचारा. आजकाल ऑपरेशनच्या बिलात ही रक्कम चांगलीच फुगते, त्यामुळे त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणं मला पटतं.

शेवटची कपात को-पेची. तुमच्या ग्रुप पॉलिसीत पालकांच्या क्लेमवर १० टक्के को-पे आहे. म्हणजे मंजूर होईल त्यातला दहावा भाग प्रत्येक वेळी तुमचा, कव्हर कितीही शिल्लक असो. त्यांनी ८०,०००मधून ८,००० कापले आणि ७२,००० दिले. १,००,०००मधून १०,००० कापून ९०,००० यायला हवे होते. फरक १८,०००चा. तो कसा मागायचा ते शेवटी लिहिते, कारण त्यासाठी एक मेल पुरेल. आधी पुढचं बोलू, त्यात जास्त पैसे अडकलेत.

खोलीबद्दल अजून एक, कारण बाबांना पुन्हा कधी ॲडमिट करावं लागलं तर हीच चूक लाखाला पडू शकते. ॲडमिशनच्या काउंटरवर "कुठली रूम देऊ?" असं विचारतात तेव्हा घरचे घाबरलेले असतात आणि जे रिकामं असेल ते घेतात. त्या क्षणी एकच विचारायचं: माझ्या पॉलिसीची मर्यादा एवढी आहे, यात बसणारी खोली कोणती? नसेल रिकामी, तर काउंटरवरच्या माणसाकडून तसं लिहून घ्या आणि मर्यादेत बसणारी खोली मिळताच हलवायला सांगा. आणि हॉस्पिटलमध्ये खोलीच्या वर्गाप्रमाणे दर बदलत नसतील, म्हणजे सर्जनची फी सगळ्यांना सारखीच असेल, तर विमा कंपनीला प्रमाणात कपात करताच येत नाही. लहान नर्सिंग होममध्ये असं कधी कधी असतं. तेव्हा हॉस्पिटलच्या लेटरहेडवर तसं पत्र घ्यायचं आणि क्लेमला जोडायचं. मी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर बरीच वर्षं काम केलंय. हे पत्र मागणारे नातेवाईक फारच थोडे भेटले, आणि त्याने फरक पडताना मी पाहिलाय. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेमची कागदपत्रं बघणारी मधली संस्था. तुमचे पैसे ती देत नाही आणि नाकारण्याचा शेवटचा निर्णयही तिचा नसतो, त्यामुळे तिथल्या माणसाने फोनवर "होणार नाही" म्हटलं म्हणून विषय संपत नाही.

कॅशलेसचंही, म्हणजे विमा कंपनी बिल थेट हॉस्पिटलला देते त्या सोयीचंही, तसंच. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. त्या दिवशी पैसे भरून नंतर सगळे कागद लावून रिइम्बर्समेंट मागता येते. मे २०२४ पासून नियम असा आहे की कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलने अंतिम बिल पाठवल्यापासून तीन तासांत मंजुरी द्यायची. तीन तासांपेक्षा उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. संध्याकाळी सात वाजेपर्यंत पेशंटला कपडे घालून बसवून ठेवलेलं असतं, तेव्हा ही वेळ लक्षात असू द्या आणि बिल नेमकं किती वाजता पाठवलं ते डेस्कवर विचारून ठेवा. पुष्कळदा बिल हॉस्पिटलनेच उशिरा पाठवलेलं असतं.

आता एजंटांचा सल्ला. ताई, इथे मी अगदी हात जोडून सांगते: बीपी आणि शुगर लिहा. दोन्ही लिहा, कधीपासून आहे ते लिहा, गोळ्यांची नावं लिहा.

न लिहिल्यावर काय होतं ते मी जवळून पाहिलंय. पॉलिसी निघते, प्रीमियम जातो, दोन वर्षं सगळं ठीक असतं. मग छातीत दुखतं म्हणून माणूस ॲडमिट होतो. रात्री दोन वाजता ड्युटीवरचा तरुण डॉक्टर विचारतो, "बीपी किती वर्षांपासून?" बायको सांगते, "दहा वर्षं तरी झाली असतील." ते वाक्य केसपेपरवर जातं, तिथून डिस्चार्ज कार्डवर. विमा कंपनी हेच दोन कागद आधी मागते. फॉर्मवर "नाही", केसपेपरवर "दहा वर्षं". क्लेम तर नाकारला जातोच, पण पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि त्या वयात, हृदयविकाराची नोंद घेऊन, दुसरी कोण देणार? एजंट तोपर्यंत फोन उचलत असला तरी त्याच्या हातात काही नसतं. सही तुमची असते.

लिहिल्यावर काय होईल? एक, कंपनी वैद्यकीय तपासणी करायला सांगेल. दोन, प्रीमियम थोडा चढवेल, त्याला लोडिंग म्हणतात. तीन, बीपी-शुगर आणि त्यातून उद्भवणाऱ्या आजारांना वेटिंग पीरियड लावेल. आधीपासून असलेला आजार, म्हणजे प्री-एक्झिस्टिंग डिसीज किंवा त्यांच्या भाषेत पीईडी, याला १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावता येतं. आधी ही मुदत चार वर्षांपर्यंत होती. पीईडी कशाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे: पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्यावर डॉक्टरांनी उपचार सांगितले किंवा केले, ते. बाबांच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा "कंट्रोलमध्ये आहे" या शब्दांना इथे काही अर्थ नाही. गोळ्या घेऊन कंट्रोलमध्ये असणं म्हणजेच आजार असणं.

एजंट तुम्हाला मोरॅटोरियमचंही सांगतील कदाचित. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की माहिती लपवली या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, असा नियम आहे. पूर्वी हे आठ वर्षांनी व्हायचं. नियम चांगला आहे, विसरून राहिलेल्या गोष्टींसाठी माणसाला त्यातून संरक्षण मिळतं. पण सिद्ध झालेली लबाडी त्यातून वगळलेली आहे, आणि रोज गोळी घेणाऱ्या माणसाने "नाही" लिहिणं ही विसरलेली गोष्ट म्हणून खपवता येईल असं मला वाटत नाही. शिवाय ६६ ते ७१ ही पाच वर्षं काही न होता जातील या भरवशावर कोणी पॉलिसी घेऊ नये. नंतर कव्हर वाढवलं तर वाढीव रकमेसाठी हे वर्षांचं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, हेही कोणी सांगत नाही.

फॉर्म तुम्ही स्वतः भरा. आजकाल एजंट टॅबवर पटापट टिक करतो आणि फोनवर आलेला ओटीपी मागतो. तो ओटीपी म्हणजे तुमची सही. द्यायच्या आधी आरोग्याच्या प्रश्नांचं पान वाचून दाखवायला सांगा. पॉलिसी हातात आली की तिच्यासोबत प्रपोजल फॉर्मची प्रत असते, तीही वाचा. काही चुकीचं लिहिलेलं दिसलं तर लगेच कंपनीला मेल करून दुरुस्त करून घ्या. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री लुक असतो. त्या काळात नको वाटली तर परत करता येते, थोडीफार वजावट होऊन पैसे मिळतात. आणि बाबांचं बीपी नेमकं कधी सुरू झालं ते पहिल्या प्रिस्क्रिप्शनवरून शोधा, तारीख एका कागदावर लिहून त्यांच्या फाईलमध्ये पुढे लावा. पुढच्या वेळी डॉक्टरने विचारलं की आईने अंदाजे सांगण्याऐवजी तो कागद पुढे करायचा.

चिपळूणच्या पत्त्याचं आता. बऱ्याच कंपन्या गावांचे झोन करतात. मुंबई महागड्या झोनमध्ये येते कारण इथली बिलं मोठी असतात. कोकणातल्या पत्त्यावर तीच पॉलिसी स्वस्त पडते हे खरं. पण अशा पॉलिसींपैकी काहींत अट असते की वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक टक्के तुम्ही भरायचे. हादेखील को-पेच, झोनचा. बाबांना मोठं काही झालं तर तुम्ही त्यांना चिपळूणहून मुंबईलाच आणणार, आणि पाच लाखांच्या बिलावर २० टक्के को-पे असेल तर एक लाख तुमचे गेले. प्रीमियममध्ये वाचलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत. आई-बाबा निम्मं वर्ष भांडुपला असतात, उपचार मुंबईत होतात, तर मुंबईचा पत्ता द्या.

मग पॉलिसी घ्यावी का? घ्यावी, आणि तुमची नोकरी चालू असतानाच घ्यावी. ऑफिसच्या पॉलिसीत बाबांचं बीपी-शुगर पहिल्या दिवसापासून कव्हर आहे. ती पॉलिसी नोकरीबरोबर जाते. नोकरी बदललीत, किंवा कंपनीने पुढच्या वर्षी पालकांना वगळलं (असं हल्ली बरंच होतं), तर त्या दिवशी हात रिकामे. आत्ता वेगळी पॉलिसी घेतलीत तर तिची तीन वर्षं ऑफिसच्या कव्हरच्या सावलीत निघून जातील. ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी मिळत नाही ही समजूत जुनी आहे. कंपन्यांनी सगळ्या वयांसाठी योजना द्यायच्या असा नियम २०२४ पासून आहे. आणि ६० वर्षांवरच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, हा आदेश जानेवारी २०२५चा. एजंटाने दिलेल्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असेल तर तेही विचारा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

आई-बाबांची पॉलिसी तुमच्या आणि मुलांच्या पॉलिसीत मिसळू नका. फ्लोटर म्हणजे सगळ्यांना मिळून एकच रक्कम. तिचा प्रीमियम घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो आणि एकाच्या आजारपणात ती संपूही शकते. आई-बाबांची वेगळी, जमलं तर दोघांची स्वतंत्र. रूम रेंटची मर्यादा नसलेली, किंवा निदान "सिंगल प्रायव्हेट रूम" असं शब्दांत लिहिलेली शोधा. रुपयांत किंवा टक्क्यांत लिहिलेली मर्यादा मुंबईत दोन-तीन वर्षांत अपुरी पडते. माझ्या मते १० लाखांचं कव्हर वाढवून २० लाखांवर नेण्यापेक्षा ही एक अट सुटणं जास्त मोलाचं आहे.

प्रीमियम झेपत नसेल तर सुपर टॉप-अप बघा. त्यात डिडक्टिबल नावाची रक्कम असते, समजा पाच लाख. तिच्यापर्यंतचा खर्च तुम्ही किंवा तुमची पहिली पॉलिसी सोसते, वरचा सुपर टॉप-अप. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गल्लत करू नका, दुकानदार सुट्ट्या पैशांची गोळी हातावर टेकवतो तसा कधी कधी एकाच्या जागी दुसरा दिला जातो. वर्षात चार-चार लाखांची दोन ॲडमिशन झाली असं धरा. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, दोन्ही पाच लाखांच्या खाली, म्हणून शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, आठ लाख, म्हणून वरचे तीन लाख देतो. नावात "सुपर" आहे का यावर समाधान मानू नका, डिडक्टिबल वर्षाच्या एकूण खर्चावर मोजतात असं पॉलिसीत लिहिलंय का ते बघा.

रिस्टोरेशनच्या जाहिराती खूप दिसतात: कव्हर संपलं की पुन्हा भरून मिळेल. तिथे दोनच प्रश्न. त्याच माणसाला त्याच आजारासाठी मिळतं का, आणि कव्हर पूर्ण संपल्यावरच मिळतं का? उत्तर लेखी घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम केला नाही म्हणून मिळणारा फायदा, तो चांगलाच, पण त्याच्यावरून पॉलिसी निवडू नका. कर वाचवण्याचं म्हणाल तर जुन्या करपद्धतीत असाल तरच प्रीमियमवर वजावट मिळते. ज्येष्ठ पालकांसाठी ५०,०००पर्यंत वजावट आहे.

सगळी पॉलिसी वाचवत नाही हे मला माहीत आहे. चाळीस पानं असतात. म्हणून कस्टमर इन्फर्मेशन शीट मागा. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीबरोबर ती साध्या भाषेत द्यावीच लागते, आणि मागितली तर मराठीतही. त्यात सब-लिमिट (एखाद्या उपचाराला किंवा खर्चाला घातलेली वेगळी मर्यादा), को-पे, डिडक्टिबल, वेटिंग पीरियड एका जागी लिहिलेले असतात. पैसे भरायच्या आधी एजंटकडून ती व्हॉट्सॲपवर घ्या आणि घरी शांतपणे वाचा. देत नसेल तर त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नका.

आईच्या मोतीबिंदूसाठी नव्या पॉलिसीची वाट बघू नका. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गुडघा बदलणं अशा ठरावीक गोष्टींना नव्या पॉलिसीत सहसा दोन वर्षं थांबावं लागतं, आजार नंतर झाला तरी. ऑपरेशन ऑफिसच्या पॉलिसीतूनच करून घ्या. ते डे-केअरमध्ये येतं, त्यामुळे २४ तास ॲडमिट असण्याची अट नाही. मात्र आधी एचआरला विचारा की मोतीबिंदूला सब-लिमिट किती आहे, म्हणजे एका डोळ्याला जास्तीत जास्त किती देणार. डॉक्टर तीन-चार प्रकारच्या लेन्स दाखवतील, महागड्या लेन्सचा वरचा फरक तुमच्या अंगावर येईल. साध्या चांगल्या लेन्सनेही दिसतं, हे आईला सांगा. ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या तपासण्या, थेंब, व्हिजिट यांच्या पावत्या जपून ठेवा. बहुतेक पॉलिसी ॲडमिशनआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस असा काही काळ कव्हर करतात, आणि लोक ते पैसे मागायचेच विसरतात. बाबांचेही मागितलेत का? ऑपरेशनआधीची सोनोग्राफी आणि डिस्चार्जनंतरच्या औषधांची बिलं अजून हाती असतील तर मुदत बघून लगेच लावा.

आता ते १८,०००. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा, टीपीए आणि एचआरला प्रत. पॉलिसीच्या कागदावर त्यांचा पत्ता असतो. मजकूर असा पुरे:

"क्लेम क्रमांक अमुक. सेटलमेंटमध्ये औषधं आणि तपासण्या यांच्या ४०,००० रुपयांवर प्रपोर्शनेट डिडक्शन लावून २०,००० कापले आहेत. आयआरडीएआयच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फार्मसी आणि तपासण्यांवर अशी कपात लागू होत नाही. को-पे वजा जाता १८,००० रुपये देणे बाकी आहे. ते द्यावेत, अथवा कपात कोणत्या कलमाखाली केली ते कलम क्रमांकासह लेखी कळवावे."

बिलाचं ब्रेक-अप आणि सेटलमेंट लेटर जोडा. "पॉलिसीच्या अटींप्रमाणे" असं उत्तर आलं तर तेच पुन्हा विचारा: कुठलं कलम? त्याच वेळी नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. भांडुपचा भाग लोकपालाच्या ठाण्याच्या कार्यालयाकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, ग्रुप पॉलिसीचेही. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तिथे सोबत न्यायचं ते एवढंच: पॉलिसीची प्रत, बिलाचं ब्रेक-अप, सेटलमेंट लेटर, तुमचा मेल आणि त्यावर आलेलं उत्तर. उत्तर आलंच नसेल तर मेल कधी पाठवला ती तारीख.